आधी बाटली की आधी तोंड

इंग्रजांच्या भाषेत 'पॉप' म्हणून एक शब्द आहे. मी मराठी तिसरीतून उठलो आणि इंग्रजीचं एक अक्षर मला वाचता येत नाही, पण ह्या एका शब्दावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. घालील तो हरून जाईल. माझा भाचा बी. ए. झाला आहे, तो दोनदा हरून गेला. ज्या लग्नामुळे तो जन्माला आला ते लग्न ह्याच शब्दानं लागलं, हे त्याला अजून पटत नाही. त्याला पटावं म्हणून हे लिहितो आहे.

हा शब्द आमच्या तालुक्यात आणला महाडच्या एका सोडेवाल्यानं. त्याचं नाव लिहीत नाही. त्याची नातवंडं अजून महाडात धंदा करतात आणि चांगली माणसं आहेत. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही चाचाच म्हणतो. वीस-बावीस वर्षं तो विलायतेच्या बोटीवर आचारी होता. बाकीचे खलाशी घरी येताना घड्याळं आणत, आरसे आणत, बायकोला छत्री आणत. चाचा आला तो एक लोखंडी मशीन, बाटल्यांची खोकी आणि हा शब्द घेऊन. बायकोला काय आणलं ते कधी कळलं नाही. बाजाराच्या टोकाला, राहत्या घराच्या पडवीत, त्यानं सोड्याचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे ते मशीन, मागची विहीर आणि चाचा.

मी त्याचा नोकर नव्हतो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण भाच्यानं परवा कुणाला तरी सांगितलं की मामा सोड्याच्या कारखान्यात कामाला होता. गाडी माझी होती, बैल माझे होते. मुंबईहून मचव्यानं गॅसची नळकांडी यायची, ती मी बंदरावरून चाचाकडे पोचवायचो आणि भरलेल्या बाटल्या घेऊन पोलादपूरला जायचो. महाबळेश्वरच्या मोटारी घाट चढायच्या आधी पोलादपूरला थांबत. मोटारीला पाणी पाजत आणि आतल्या माणसांना सोडा.

आताच्या पोरांना गोळीची बाटली ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. जाड हिरवट काच, गळ्यापाशी चिमटा काढल्यासारखी. आत काचेची गोळी. बाटलीत गॅस भरला की तो गोळीला वर रेटतो आणि तोंडाशी रबराच्या कड्यात ती घट्ट बसते. फोडायची म्हणजे अंगठ्यानं गोळी आत ढकलायची. त्या वेळी जो आवाज होतो तो पॉप. आमच्याकडे लोक त्याला फट म्हणत, कुणी टप म्हणत. चाचा म्हणायचा, "फट दरवाजा करतो. टप आंबा करतो. बाटली पॉप करते."

शब्दाचा अर्थ तो असा सांगायचा. "विलायतेत सोड्याला सोडा बोलत नाय रे. पॉप बोलतात. म्हंजे काय, तर पानी इकत नाय, साखर इकत नाय, आवाज इकतात. बंदरावरली पोरं आईच्या पदराला धरून काय मागतात? पॉप दे. आवाज मागतात! असली शानी जात हाय ती."

"इंग्रज बायका पदर घेतात?" मी विचारायचो.

"मधी बोलू नको."

मग तो पुढे सांगे की तो पहिल्यांदा विलायतेला उतरला तेव्हा बंदरावरच्या पोरांनी त्याच्या हातात बाटली बघितली आणि सगळ्यांनी गालात बोट घालून त्याला चिडवलं. हे सांगताना चाचा डाव्या हाताचं बोट गालात घालायचा, गाल फुगवायचा आणि बोट असं सटकन बाहेर काढायचा की पडवीच्या वाशावरच्या चिमण्या उडून जायच्या. पॉप! तोंडात कायम पान असल्यामुळे बोट लालभडक होऊन बाहेर यायचं. धोतराला, खांबाला, कुठेतरी पुसायचं. त्याच्या पडवीचा डावीकडचा खांब कायम लाल होता.

आमचा वाद इथून सुरू झाला. मी म्हणालो, "म्हंजे शब्द तोंडातनं आला. पोरांनी तोंडानं काढला."

"येडा हायस. बाटलीनं आधी केला, पोरं तिच्याकडनं शिकली."

"बाटली यायच्या आधी इंग्रजांना तोंड नव्हतं काय?"

"तोंड होतं. पॉप नव्हता."

महाड ते पोलादपूर बैलगाडीनं सकाळ जाते. चाचा कधी कधी बाटल्यांबरोबर यायचा, आणि ती अख्खी सकाळ आधी बाटली की आधी तोंड ह्यात जायची. बैल सुद्धा कंटाळत. मी हटायचो नाही, कारण मी हटत नाही. तो हटायचा नाही, कारण तो बोटीवर जाऊन आला होता.

शेवटी निवाड्यासाठी इंग्रजी शाळेतल्या एका मास्तरांना बोलावलं. ते मोठं थोरलं इंग्रजी शब्दांचं पुस्तक काखेत मारून आले. चाचानं बाकडं धुतलं, पुस्तकासाठी पाट मांडला. मास्तरांनी पान काढलं आणि मराठीत सांगितलं की हा शब्द कुठल्या दुसऱ्या भाषेतून आलेला नाही, आवाजावरूनच आलेला आहे. बाटलीचं बूच उडताना होतो तसला बारीक धमाका, आणि त्यावरून त्या पेयाला पण तेच नाव पडलं.

चाचाला आनंद झाला. "बघ! ह्या शब्दाला आई नाय, बाप नाय. आवाजाच्या पोटी आला."

"पण कुणाचा आवाज?" मी म्हणालो. "आधी बाटलीचा का तोंडाचा ते लिवलंय का, मास्तर?"

मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. "तसा खुलासा नाही."

"आनी थांबा," चाचा एकदम म्हणाला, "काय बोललात? बूच? बूच लिवलंय? गोळी नाय लिवली?"

गोळी लिहिलेली नव्हती. चाचाचं तोंड उतरलं. पाटावरून पुस्तक त्यानंच खाली उतरवलं. मग मास्तरांना बसवून त्यानं विलायतेला पत्र लिहायला लावलं. मजकूर माझ्यासमोर झाला: तुमच्या पुस्तकात चूक आहे, बुचाचा आवाज लाकडाचा असतो, गोळीचा आवाज काचेचा असतो, पॉप गोळीचा आहे, तरी दुरुस्त करून कळवावे, महाड बंदर. मास्तरांनी ते इंग्रजीत केलं की आणखी काही लिहून त्याला गप्प केलं, देवाला ठाऊक. पण पुढली दोन वर्षं मचवा लागला की चाचा आधी विचारायचा, "माझा टपाल हाय काय?" आणि मग गॅसचं.

त्याच्याकडे सोडा पिणं सोपं नव्हतं. गिऱ्हाईक बोलत असेल तर तो बाटली फोडायचा नाही. समोर उभा राहायचा, वाट बघायचा. गिऱ्हाईक गप्प झालं की खांद्यावरचा मोठा पंचा घ्यायचा आणि बाटलीसकट स्वतःचं डोकं त्यात झाकून घ्यायचा, फोटो काढणारा झाकून घेतो तसं. म्हणायचा, आवाजाला वारा लागता कामा नये. पंच्याच्या आतून पॉप व्हायचा. मग चाचा डोळे मिटलेला बाहेर यायचा आणि सांगायचा, "जमादार." किंवा, "सासू." किंवा, "नवी नवरी, लाजली." प्रत्येक बाटलीला आवाजावरून नाव. लाजलेली बाटली तो गिऱ्हाइकाला देत नसे, स्वतः प्यायचा आणि दुसरी फोडायचा.

एकदा पोलादपूरकडचा एक ठार बहिरा माणूस आला. पोट धरून आला होता, सोडा हवा होता. चाचा धर्मसंकटात पडला. ह्याला नुसतं पाणी कसं द्यायचं? विचार केला, केला, आणि शेवटी बाटलीची बाजू त्याच्या दातांवर टेकवली, एका हातानं त्याचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हातानं गोळी दाबली. बहिरा जागच्या जागी उडाला. डोळे हे एवढे. मग हसायला लागला. त्यानंतर दर बाजाराला यायचा, पोट दुखत असो नसो, आणि आधी दात पुढे करायचा.

रमजानात चाचा रोजे धरायचा, पण दिवसभर बाटल्या फोडून आवाज तपासायचा. थेंब घशाखाली जाऊ द्यायचा नाही. मी विचारलं, "चाचा, चालतं?" तर म्हणाला, "कानानं रोजा मोडत नाय."

आता मुद्द्याची गोष्ट. ही लिहायला मला बरं वाटत नाही, पण ती वगळली तर पुढलं कळणार नाही.

ते दिवस पाण्याचे होते. महाडच्या तळ्याचं पाणी माणूस माणसाला पिऊ देत नव्हता, त्यावरून काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चाचाच्या हातचं पाणी पण आमच्यातलं कुणी पीत नसे. पण चाचाचा सोडा सगळे पीत. कसा? एका भटजींचं पोट गच्च झालं होतं, वैद्य गावात नव्हता. भटजी पडवीसमोर उभे राहून बराच वेळ विचार करत होते. मग त्यांनीच तोड काढली की बाटलीतला वायू बाहेर पडतो तेव्हा पाण्याला लागलेला दोष घेऊनच पडतो. आवाज झाला म्हणजे दोष गेला. प्याले, ढेकर दिली, घरी गेले. तेव्हापासून तालुक्यात हा कायदाच झाला. बाटलीनं आवाज केला तर ती गंगा. नाही केला तर ते चाचाच्या विहिरीचं पाणी, आणि प्यायलेला माणूस बाटला.

चाचाला हे ठाऊक होतं. एकदा गाडीवर बसून म्हणाला, "माझा हात चालत नाय, माझी बाटली चालते. म्हंजे माझ्या घरात मीच एक चालत नाय." आणि हसला. मी बैलांना काहीतरी बोललो.

त्याच सुमारास मी त्याला एक सल्ला दिला होता. म्हणालो, "चाचा, तुम्ही गालातनं एवढा झकास पॉप काढता. लाजलेली बाटली आली की पंच्याखाली गालातनं काढा, कुणाला कळतंय? बाटली फुकट तरी जाणार नाय."

त्याला एवढा रागावलेला मी कधी पाहिला नाही. हातातली बाटली खाली ठेवली. "जहाजावर वीस वर्षं होतो. डुकराचा खाना रांधला, खाल्ला नाय कधी. आनी आता खोटा पॉप करू? माझा धंदा आवाजाचा हाय. आवाज खोटा तर मी कोन?" महिनाभर माझ्या गाडीत बसला नाही. बाटल्या द्यायचा, पण बोलायचा नाही.

माझा बाप लवकर गेला. धाकटी बहीण यशोदा, तिचं लग्न माझ्या अंगावर. वरंधकडचं स्थळ आलं. मुलगा मुंबईत गिरणीत, घर चांगलं. पण त्याचा बाप, म्हणजे माझे होणारे व्याही, मोठा मानाचा माणूस. त्या वेळी आमच्या वाड्यांत नवीनच चाल पडली होती की लग्न लागायच्या आधी नवऱ्याच्या बापाला मांडवात मानाची सोड्याची बाटली फोडून द्यायची. सुपारी फोडताना व्याही म्हणाले, "मला हुंडा नको, पटका नको. माझ्या मानाची बाटली तेवढी अशी फुटली पायजे की पलीकडल्या वाडीला ऐकाय गेली पायजे. मुकी बाटली मी तोंडाला लावायचा नाय. वऱ्हाड उठवून घेऊन जाईन."

आणि तो उठवून नेणारा माणूस होता. आधी एका ठिकाणाहून शिरा पातळ झाला म्हणून उठून गेला होता. मुलगी मांडवातून परत गेली की तिचं पुढे काय होतं ते मला लिहायला नको.

चाचाला सांगितलं. चाचानं दोन डझन बाटल्या स्वतः भरल्या, रबराची कडी नवी घातली, एकेकीला नखानं वाजवून कान लावला. मानाच्या बाटलीला वेगळ्या ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाला, "ही फौजदार हाय. वरंधपर्यंत ऐकाय जाईल." लग्नाच्या दिवशी पहाटे स्वतः गाडीत बसला, नवी टोपी घालून. बाटली दुसऱ्या कुणाच्या अंगठ्यानं फोडायची हे त्याला कबूलच नव्हतं.

पोलादपूरपर्यंत ठीक गेलो. तिथून आमच्या वाडीकडे वर चढायला लागलं की एक पऱ्ह्या आडवा येतो. वैशाखात त्यात पाणी घोट्याएवढं, पण दगड रेड्याच्या डोक्याएवढे. चाचा म्हणाला, "थांब. खोकी उतरव, डोक्यावरनं नेऊ."

"माझे बैल डोळे मिटून जातात इथनं," मी म्हणालो.

"बैलांचे डोळे मिट, माझ्या बाटल्यांचे नको. उतरव."

"चाचा, गाडी माझी हाय."

गाडी माझी होती म्हणून पऱ्ह्याच्या मध्यावर डावं चाक दगडावर चढलं आणि गाडी कलंडली. सावकाश कलंडली, जणू तिला बसायचंच होतं. खोकी घरंगळली आणि दगडांवर बाटल्या फुटायला लागल्या. पॉप, पॉप, पॉप! एकीनं केला की शेजारणीनं केलाच. बैल बिथरले, जू सोडवून जे पळाले ते थेट आमच्या दारात मांडवाखाली जाऊन उभे राहिले. वाडीतल्या लोकांना वाटलं वऱ्हाडानं बार उडवले. वाजंत्री वाजायला लागली.

आणि चाचा पाण्यात उभा. टोपी वाहत चाललेली. हात जोडल्यासारखे करून एकेका आवाजाला नाव घेत होता. "जमादार गेला. सासू गेली. अरे, नवी नवरी गेली! कुनी ऐकला नाय रे, कुनीसुद्धा ऐकला नाय!"

शेवटचा आवाज झाला. पऱ्ह्याचं पाणी काचांवरून वाहत होतं आणि फसफसत होतं. आम्ही दोघांनी गुडघ्यावर बसून शोधलं. तेविसांच्या काचा. एक बाटली फडक्यातच दगडाच्या कपारीत बसलेली, गोळी तोंडाशी जागेवर. फौजदार!

मी नाचलोच. चाचानं ती उचलली, नखानं वाजवली, कानाला लावली. नेहमी नाव सांगायचा, आज काही बोलला नाही. पुन्हा वाजवली. मग ती काखेत घेतली, कनवटीचं पान काढून तोंडात टाकलं आणि वाट चालायला लागला. गाडी तिथेच टाकून मी मागून गेलो.

मी एकदाच विचारलं, "चाचा, बोलंल ना?"

"चाल गप," तो म्हणाला.

मांडव गच्च भरलेला. व्याही मधोमध घोंगडीवर, मिशीला तूप लावून बसलेले. मुहूर्त टळायला आलेला, सूर्य डोंगराला टेकलेला. आत यशोदा बाशिंग बांधून बसली होती. दाराच्या फटीतून तिचा एक डोळा मला दिसत होता आणि तो डोळा माझ्यावर नव्हता, बाटलीवर होता. सगळं तिलाही कळत होतं.

चाचा भिजलेला, बोडका, पुढे झाला. बायकांच्यात खसखस पिकली. "अगो बाय, ह्यो काय नदीतनं काढलाय?" व्याह्यांनी हात वर केला, तशी पोरंबाळं सगळी गप्प. चाचानं ओला पंचा डोक्यावर ओढला, बाटली आत घेतली. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. मला आतलं सगळं ऐकू येत होतं.

अंगठा दाबलेला कळला. गोळी पडली. आणि फौजदार काय बोलला? म्हातारा माणूस ओट्यावर बसताना करतो ना, तसं काहीतरी. फुस्स. तेसुद्धा पुरतं नाही.

पंचा हालेना. आत चाचाचा श्वास चालला होता, जोरात, धावून आल्यासारखा. मला वाटलं आता पंचा काढणार आणि म्हणणार, लाजली. तो तसाच माणूस होता. बाटली लाजली तर मामलेदारालाही तसं तोंडावर सांगायचा.

मग पंच्याच्या आतून आवाज झाला.

पॉप!

असा गोल, असा भरीव की मांडवाचं एक पान खाली आलं. महाडच्या पडवीत मी हजारो ऐकले होते, असा ऐकला नव्हता. बायका ओरडल्या, वाजंत्री सुरू झाली, पलीकडल्या वाडीतला कुत्रा भुंकला, म्हणजे तिकडे पोचला. पंचा बाजूला झाला. चाचाचे डोळे मिटलेले नव्हते. एक हात पाठीमागे होता. दुसऱ्या हातानं त्यानं बाटली पुढे केली.

व्याह्यांनी बाटली घेतली. चाचाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, म्हणजे मला बराच वाटला. मग मान मागे टाकली, वरून धार धरली आणि एका दमात बाटली रिकामी केली. आणि एक ढेकर दिली. ती पण पलीकडे पोचली असणार.

"बाटली बोलली!" व्याही म्हणाले. "आणा पोरीला भायेर."

लग्न लागलं. अक्षता टाकताना मी चाचाला शोधलं, तो नव्हता. जेवला नाही, थांबला नाही. दुसऱ्या दिवशी मी पऱ्ह्यातून गाडी काढून महाडला गेलो. चाचा मशीनचं चाक फिरवत होता. मी नुसता बघत राहिलो. म्हणाला, "काय बघतोस? फौजदार होता. बोलला."

"होय," मी म्हणालो. त्या दिवशी मी वाद घातला नाही. आयुष्यात तेवढा एकच दिवस.

चार-पाच वर्षं गेली. भाचा चालता-बोलता झाला. एकदा वरंधला बहिणीकडे गेलो होतो. व्याही आणि मी ओट्यावर बसलो होतो, तंबाखू मळत. काही कारण नसताना ते म्हणाले, "पाव्हणं, तुमचा तो सोडेवाला हाय का अजून?"

"हाय."

"त्याचं बोट लाल होतं."

माझी तंबाखू सांडली.

"मला पण फुस्स ऐकाय आलं होतं," व्याही म्हणाले. "कान माझे तेव्हा चांगले होते. पंच्यातनं भायेर आला तर हात मागं लपवतोय आनी धोतराला मागं लाल पुसलंय. मी म्हटलं, अरे तुझ्या! बोट गालातलं."

"मग प्यालात कशाला?"

"तहान लागली होती. सकाळधरनं चालत आलो होतो, घाम हा असा. समोर भरली बाटली." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "आनी पोरगी दाराच्या फटीतनं बघत होती. माझ्याकडनं पण दिसत होती ती."

"आणि ढेकर? एवढी मोठी ढेकर आली की तुम्हाला."

"सपक पान्यानं ढेकर येती का कुठं?" व्याही मला वेड्यात काढून हसले. "त्यानं पॉप तोंडानं काढला, मग मी ढेकर तोंडानं नको काढू?"

मी तिथून घरी गेलो नाही. सरळ महाडला गेलो. चाचा आता म्हातारा दिसत होता, चाक मुलगा फिरवायचा, हा नुसता बाकड्यावर बसून आवाज ऐकायचा. शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. ऐकताना त्याचा जबडा थांबला. पान चघळायचं विसरला.

"कळला होता त्याला?"

"होय."

"आनी प्याला? ती नुसती माझी विहीर होती रे. मुकी."

"तहान लागली होती म्हणाले."

चाचा हसायला लागला, हसता हसता खोकला, खोकता खोकता रडला का काय ते मी बघितलं नाही, मी रस्त्याकडे बघत होतो. मग तो उठून आत गेला. बाहेर आला तो हातात पितळेचं भांडं, काठोकाठ भरलेलं. माझ्यासमोर धरलं.

"ह्यात गोळी नाय," तो म्हणाला. "बोलनार नाय हे."

किती वर्षं त्या विहिरीचं पाणी मी गाडीतून ओढलं होतं. बाटलीतून प्यालो होतो, शेकडो वेळा. भांड्यातून कधी नाही. मी पण त्यातलाच होतो, आता लपवून काय करायचं.

"द्या इकडं," मी म्हणालो.

प्यालो. सगळं प्यालो. पाणी गार होतं आणि जरासं मचूळ. भांडं खाली ठेवलं तेव्हा कसला आवाज झाला नाही. रस्त्यानं माणसं जात होती, बघत होती. बघू देत.

चाचा समोर बघत बसला होता. हळूच त्यानं डावं बोट गालात घातलं आणि काढलं. पॉप. वाशावरच्या चिमण्या उडाल्या.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"बाटलीचा."

"कुठंय बाटली?"

"तिच्याकडनं शिकलोय," चाचा म्हणाला आणि बोट खांबाला पुसलं.

मरेपर्यंत त्यानं कबूल केलं नाही. मीही नाही. पण यशोदेच्या मांडवात बाटली गप्प होती आणि तोंड बोललं, हे मी खांद्याला खांदा लावून ऐकलेलं आहे. भाच्या, आता तरी वाचलंस ना? आधी तोंड.